चार घरांत एक गाडी

दसऱ्याचं जेवण अडीचला उरकलं. क्षमानं टेबल ओल्या फडक्यानं पुसलं, कोरडं होईपर्यंत थांबली आणि मग त्यावर चार पानांचा टाचलेला कागद ठेवला.

"बाबा, आता बोलूया का? गाडीचं."

अच्युत खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत होते. त्यांच्या डाव्या हाताला दिवाणावर विनीता सुपारी कातरत बसली होती. बावन्न वर्षांच्या संसारात ती बहुधा त्याच बाजूला बसत आली होती, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नसे.

"बोला," अच्युत म्हणाले. "सकाळी बाहेर तिला हार घातला, अन् आता आत बसून तिचा निकाल लावून राहिले तुम्ही."

फाटकाच्या आत क्रीम रंगाची गाडी उभी होती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, आरशांना झेंडू, पुढच्या चाकाखाली फुटलेलं लिंबू. सत्तावीस नोव्हेंबरला तिला पंधरा वर्षं पूर्ण होत होती. त्यानंतर तपासणी, तपासणीच्या आधी खालच्या पत्र्याचं काम, आणि ते सगळं पार पडलं तर पुढच्या पाच वर्षांची परवानगी. म्हणूनच क्षमाचा धाकटा भाऊ अनिमेष हैदराबादहून चार दिवसांची सुट्टी काढून आला होता. सोबत मुलगी मैत्रेयी होती, अकरावीतली. त्याच्या बायकोला, प्रणोतीला, सुट्टी मिळाली नव्हती.

अच्युतांचा धाकटा भाऊ बंडू दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला लोड घेऊन बसला होता. तो याच भागात, अधारतालातच, दोन गल्ल्या सोडून राहायचा. शहराबाहेरच्या पनागर गावातल्या जमिनीच्या भांडणावरून दोन वर्षं या घरात त्याचं पाऊल पडलं नव्हतं, ते आता पडत होतं, आणि ते टिकवण्यासाठी तो दादाच्या प्रत्येक म्हणण्याला आधीच मान डोलवायचा.

"माझं साधं म्हणणं आहे," अनिमेष म्हणाला. "ही गाडी काढून टाका. मी एक छोटी नवी गाडी तीन वर्षांच्या लीजवर लावून देतो. महिन्याचे पैसे माझ्या पगारातून परस्पर जातील. विमा, सर्व्हिस, टायर, सगळं कंपनीकडे. तीन वर्षांनी गाडी परत, नको असेल तर विषय संपला."

"मतलब किरायाची," बंडू म्हणाला.

"लीज, काका."

"तेच. मी रेल्वेत पस्तीस वर्षं काढली. क्वार्टर किरायाचं, पलंग सरकारी, पंखा सरकारी. रिटायर झालो तर घरी न्यायला माझं काय होतं? टिफिन. गाड़ी तो अपनी ही होनी चाहिए."

"तुमची कधी होती का, काका?" क्षमानं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरोखर उत्तर हवं होतं.

"दादाची ती माझी," बंडू म्हणाला. त्यानं अच्युतांकडे पाहिलं. अच्युतांनी मान हलवली नाही.

क्षमानं कागद उलटला. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि घरातही तिचं बोलणं त्याच क्रमानं चालायचं: आधी काय मोजलं, मग काय दिसलं. "मी सहा आठवडे नोंद ठेवली. आठवड्यात एकशे अडुसष्ट तास असतात. आपली गाडी सरासरी पाच तास चालते. बाकीचा वेळ ती चिकूच्या झाडाखाली असते."

"देवघर आपण दिवसाला दहा मिनिटं वापरतो," अच्युत म्हणाले. "तेही वाटून टाक चार घरांत."

बंडू मोठ्यानं हसला. विनीतानं अडकित्ता थांबवला. "देवघराला पेट्रोल लागत नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा कातरायला लागली.

क्षमाची योजना अशी होती. कॉलनीतल्या तीन घरांनी मिळून जुलैपासून एक गाडी लीजवर घेतली होती: कोपऱ्यावरचे शरच्चंद्र सर, त्यांच्या समोरचा श्रीरंग आणि पाण्याच्या टाकीजवळचा विपुल. चौथ्या घराची जागा रिकामी होती. फोनवर वेळ लावायची, गाडी फोननंच उघडते. वापरून झाली की टाकीजवळच्या शेडमध्ये परत. ज्यानं जितकी चालवली तितकं भाडं त्याच्याकडे. तीन महिने क्षमा त्यांची पाहुणी म्हणून ती चालवत होती. घरी तिनं सांगितलं होतं, शरच्चंद्र सर सोडतात.

"तू तीन महिन्यांपासून चालवून राहिली?" अच्युतांनी विचारलं. "अन् आम्हाला आज सांगते?"

"आधी चालते का ते बघायचं होतं."

"चालते का?"

"चालते. तीन महिन्यांत दोनदा मला हव्या त्या वेळी मिळाली नाही. दोन्ही वेळा मी ऑटोनं गेले."

"अन् रात्री-बेरात्री कोणाला काही झालं तर?" बंडू पुढे सरकला. "अटॅक येऊन राहिला, अन् आपण फोन पाहत बसायचं, की भैया, किसकी बुकिंग है?"

"एकशे आठला फोन करायचा. बंडूकाका, मागच्या वर्षी तुमची साखर उतरली तेव्हा आपली स्वतःची गाडी दारात होती. ती सुरूच झाली नाही. तुम्हाला ऑटोत घालून नेलं."

"ते बॅटरीचं होतं," अच्युत म्हणाले.

"हो, बॅटरीचंच होतं."

मैत्रेयी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. तिला मराठी सगळं समजायचं, बोलताना मात्र अर्ध्यात हिंदी मदतीला यायची. "आजोबा, आमची गाडी पण पाच दिवस बेसमेंटमध्ये उभीच असते. मम्मी मेट्रोनं जाते. पापा रविवारी तिला धुवायला जातात बस."

"तू मध्ये बोलू नको," अनिमेष म्हणाला.

"काहून नको?" अच्युत म्हणाले. "तिचा बाप धुवून तर राहिला. मला बरं वाटलं ऐकून."

अनिमेषला असं होणार हे माहीत होतं. तो या घरात आला की पहिल्या दिवशी पाहुणा असायचा, दुसऱ्या दिवशी आरोपी. लीजची गाडी म्हणजे त्याला दर महिन्याला इथे थोडंसं हजर राहण्याची एक पद्धत वाटत होती. ताईच्या योजनेत त्याच्यासाठी जागाच नव्हती. "ताई, तुझं बरोबर असेल," तो म्हणाला. "पण आई-बाबांनी या वयात शेजाऱ्यांच्या वेळा बघून बाहेर पडायचं, हे मला पटत नाही. लोक काय म्हणतील ते सोड. मलाच कसंतरी वाटतं."

"तुला वाटतं त्याचं काय करायचं ते मला कळत नाही," क्षमा म्हणाली.

या दरम्यान बंडूनं टेबलावरचा तो कराराचा कागद उचलला होता. रेल्वेत तो पार्सल ऑफिसात होता. छापील कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची त्याला सवय होती, आणि बारीक अक्षर दिसलं की तो तिथूनच सुरुवात करायचा. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाजवळ धरला.

"ये देखो," तो म्हणाला. "कलम ग्यारह. 'चालक की आयु तेईस वर्ष से कम तथा सत्तर वर्ष से अधिक न हो.'" त्यानं कागद खाली केला. "दादा शहात्तरचा आहे."

दिवाणावरचा अडकित्ता थांबला.

"मतलब मी नाही," अच्युत म्हणाले.

"नाही," क्षमा म्हणाली.

"माझ्या लीजमध्ये असं काही नाही," अनिमेष लगेच म्हणाला. "लायसन्स चालू असलं की झालं. बाबांचं आहे ना?"

"दोन वर्षं आहे अजून."

"मग झालं तर. ताई, तू पूर्ण वाचलं नसशील. असे नियम आत कुठेतरी असतात, आपल्या लक्षात येत नाहीत."

तो तिला वाट करून देत होता. क्षमाला ते कळलं. होय म्हटलं असतं तर दुपार तिथेच संपली असती, गाडी लीजवर आली असती आणि बाबा ती चालवत राहिले असते. तिनं खुर्ची वळवून वडिलांच्या समोर घेतली.

"मी ते कलम सगळ्यात आधी वाचलं होतं," ती म्हणाली. "ते होतं म्हणूनच मी ही योजना निवडली."

बंडूनं कागद टेबलावर परत ठेवला, जिथून उचलला होता बरोबर तिथे.

"का?" अच्युतांनी विचारलं. घरात ते काहून म्हणायचे. का म्हणाले की पोरं लहानपणी उठून उभी राहायची.

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही. डावा डोळा काचबिंदूनं गेलेला आहे, आणि उजव्याचं दिसण्याचं क्षेत्रसुद्धा त्या बाजूनं कमी झालंय. तुमचा रिपोर्ट तुम्ही मला दाखवला नाही, मी मागितलाही नाही. पण पाण्याचा ग्लास डावीकडे ठेवला तर तो तसाच राहतो. मी अकरा वेळा पाहिलं."

"थेंब टाकून राहिलो ना मी. रोज."

"थेंबांनी आहे ते राहतं. गेलेलं येत नाही."

"मग सरळ सांगायचं," अच्युत म्हणाले. "शेजाऱ्यांची गाडी आणून, कलम ग्यारह आणून, आडून कशाला? मी तुला सायकल शिकवली तेव्हा आडून शिकवली का? धरली अन् सोडली."

क्षमानं सहा आठवडे गाडी किती चालते ते मोजलं होतं आणि त्याच सहा आठवड्यांत एक वाक्य बोलणं टाळलं होतं. ते टाळणं मात्र तिनं मोजलंच नव्हतं.

"दोन वर्षांत एक ओरखडा दाखव गाडीवर," अच्युत म्हणाले. "बंडू, जा, पाहून ये. सकाळी पूजेसाठी धुतलीच आहे."

"नाही ना ओरखडा," बंडू म्हणाला. "मी सांगून राहिलो. दादा म्हणजे मक्खन. मी मागे बसून झोपतो."

"मग परीक्षा घे माझी," अच्युत क्षमाला म्हणाले. "मास्तरीण आहेस. सगळ्यांसमोर घे. पास झालो तर अनिमेषची गाडी येईल अन् मी चालवीन. नापास झालो तर तुझी."

क्षमानं खुर्ची आणखी पुढे ओढली. दोघांच्या गुडघ्यांत हातभर अंतर राहिलं. "दोन्ही डोळे उघडे ठेवा. माझ्या नाकाकडेच बघायचं. मी बोट बाजूनं आत आणीन. ते हलताना दिसलं की 'आलं' म्हणा."

उजवीकडून बोट आलं. "आलं." वरून आलं. "आलं." तिनं डावा-उजवा क्रम मोडला, दोनदा बोट हलवलंच नाही. अच्युत गप्प राहिले. मग त्यांच्या डावीकडून तिनं बोट आणलं.

"आलं."

पुन्हा, जरा खालून.

"आलं."

डावीकडच्या आठपैकी सात वेळा ते बरोबर होते. आपण चुकलो, हे क्षमाच्या लक्षात येत होतं, आणि त्याचं तिला इतकं बरं वाटलं की ते बरं वाटणंच तिला संशयास्पद वाटलं. ग्लास मग तसाच का राहायचा?

"आत्या," मैत्रेयी हसत म्हणाली, "ये तो चीटिंग है. आजी सांगून राहिली."

सगळ्यांनी विनीताकडे पाहिलं. तिच्या मांडीवर सुपारीचं ताट होतं.

"मी कुठे काय बोलले?"

"तू 'हं' म्हणतेस. प्रत्येक वेळी, जेव्हा बोट तुझ्या साइडनं येतं."

घरात विनीताच्या या 'हं'ची थट्टा व्हायची. गाडीत बसली की ती दर मिनिटाला हुंकार द्यायची. पोरं म्हणायची, बाबा बोलतात आणि आई सत्यनारायणाची कथा ऐकते.

क्षमानं हात मांडीवर ठेवले. "आई," ती म्हणाली, "जरा चहा ठेवशील?"

विनीता लगेच उठली नाही. तिनं अच्युतांकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. मग तिनं ताट खाली ठेवलं आणि ती आत गेली.

स्वयंपाकघरात तिनं पाणी मोजलं, सहा कप. गॅस पेटवला नाही, कारण पेटवला की त्या आवाजात बाहेरचं ऐकू आलं नसतं. "आलं," तिला ऐकू आलं, ते उजवीकडचं असणार. मग काही नाही. मग पुन्हा "आलं." मग बराच वेळ काही नाही.

हे कधी सुरू झालं ते तिला नेमकं माहीत होतं. भेडाघाटच्या रस्त्यावर, दोन वर्षांपूर्वी, डावीकडून म्हैस आली आणि ती ओरडली. ब्रेक लागला. अच्युतांनी तिच्याकडे पाहिलं. पुढच्या वळणावर त्यांनी वेग कमी केला आणि थांबले, जरा वेळ, जितका कुणी उत्तरासाठी थांबतं. तिनं हं म्हटलं. ते निघाले. त्यानंतर एकदाही त्या दोघांत त्याविषयी बोलणं झालं नव्हतं. एक हं म्हणजे काहीतरी आहे, दोन म्हणजे जवळ आहे. दोन वर्षांत तिनं एका दुकानाची पाटी वाचली नव्हती की कुणाच्या अंगणातलं काही पाहिलं नव्हतं. माहेरच्या गल्लीवरून गाडी गेली तरी ती सायकली, कुत्री आणि हातगाड्या मोजायची. घरी आल्यावर तिची मान दुखायची, आणि क्षमा म्हणायची, उशी बदल.

"अगं," बाहेरून अच्युतांनी हाक मारली. "ये बाहेर. झालं."

ती आली तेव्हा कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

"डावीकडून आठपैकी एक," क्षमा म्हणाली. तिला सांगणं भागच होतं.

"एक तर एक," अच्युत म्हणाले. त्यांचा आवाज आधीपेक्षा मोठा होता. "पण आधी सात आले होते. ते कसे आले? हिच्यामुळे. मग गाडीत ही नसते का? मी एकटा कधी नेतो? मी कामाला होतो त्या कारखान्यात नवा ट्रक तपासणीला निघायचा तर दोघं बसायचे. एक चालवायचा, एक बाजूला बसून सांगायचा. त्याला कोणी आंधळा नाही म्हटलं. आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर आहोत. दोन वर्षं चालून राहिलं. बोल, बंडू."

"मला पटतं," बंडू म्हणाला. "वहिनी तर रेल्वे इंजिनातली सहायक ड्रायव्हर झाली. सिग्नल बघून मोठ्यानं सांगणारी."

अनिमेषनं बहिणीकडे पाहिलं. "खरं म्हणजे, आई सोबत असेल तर, ताई..."

क्षमानं त्यावर विचार केला. दोन वर्षं, एकही ओरखडा नाही. नोंद तिच्या विरुद्ध होती आणि नोंद खोटी म्हणायला तिच्याकडे कारण नव्हतं. "आईला विचारा," ती म्हणाली. "ती करणार असेल तर माझ्याकडे विरोधात आकडा नाही."

आता ते तिच्यावर आलं. विनीता दिवाणावर बसली नाही. पदराला हात पुसत ती दारातच उभी राहिली, हात कोरडे होते तरी.

"मी करणार नाही," ती म्हणाली.

"दमलीस का?" अच्युत म्हणाले. "मग जरा कमी जाऊ. बाजार अन् ग्वारीघाट, बस."

"दमले आहे. पण कारण ते नाही." तिनं पदर हातातून सोडला. "गणपती बसायच्या आधी आपण भाजीला पनागरला गेलो होतो. आठवतं? परत येताना मी तुम्हाला म्हटलं, फुलकोबी किती स्वस्त दिली त्यानं."

"मग?"

"तेव्हा मी पिशवीत बघत होते. हं म्हणायचं राहिलं. एक पोरगी होती सायकलवर, शाळेच्या कपड्यात. आपला आरसा तिच्या हँडलला लागला. ती पडली."

"मी मागे वळून पाहिलं. ती उठली. गुडघा झटकला, सायकल उभी केली. आपल्या गाडीकडे पाहत होती. मग वळण आलं."

अच्युतांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. आवाज आला होता. त्यांना आता आठवलं, टक् असा आवाज आला होता आणि आरसा आत वळला होता, आणि त्यांनी घरी येऊन तो सरळ केला होता. फांदी लागली असेल असं वाटलं होतं. तेव्हा ते फुलकोबीविषयी काहीतरी बोलत होते.

"थांब काहून नाही म्हटलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कळलं असतं," विनीता म्हणाली.

बंडूला सुचलेलं वाक्य, पोरगी उठली ना, मग झालं, त्याला स्वतःलाच नको वाटलं. तो उठून दिवाणावरून खुर्चीवर गेला, क्षमाच्या बाजूच्या. बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की या खोलीत आता दादाची बाजू घेणारं कुणी उरलंच नव्हतं.

"आई, तू कुणाला सांगितलं नाहीस?" अनिमेष म्हणाला. "महिना झाला."

"सदतीस दिवस," विनीता म्हणाली. क्षमानं आईकडे पाहिलं. मोजायची सवय आपल्याकडे कुठून आली, हा प्रश्न तिला याआधी कधी पडला नव्हता.

अच्युत उठले. "क्षमा, कागदावर घराचं नाव लिही. चालवायला तुझं लिही अन् अजून एक नाव लागत असेल तर पुढे बघू. माझ्याकडून हरकत नाही." मग त्यांनी चप्पल शोधली. ती डाव्या पायाशी होती. तिथे पाय नेमका पडायला त्यांना दोन प्रयत्न लागले, आणि या वेळी कुणी हं म्हटलं नाही. "मला आत्ता पनागरला जायचं आहे."

"आत्ता?" अनिमेष म्हणाला. "बाबा, आज दसरा आहे. शाळा बंद असेल. त्या मुलीचं नाव नाही माहीत, गाव नाही..."

"तुझ्या आईनं तोंड पाहिलंय."

क्षमानं फोन पाहिला. "ती गाडी साडेचारपर्यंत शरच्चंद्र सरांकडे आहे. मग सातपर्यंत मोकळी आहे. लावू का?"

"नाही. हीच न्यायची. त्या पोरीनं ही गाडी पाहिली आहे. तिला ओळखू आली पाहिजे."

"लोक जमतील, दादा," बंडू म्हणाला. "गावात उगाच... मी काय म्हणतो, आधी एखाद्या ओळखीच्या माणसाला फोन करू. तिकडे विठोबा आहे आपला, जमिनीजवळचा."

"जमले तर जमले. तू येणार का?"

बंडूनं भावाकडे पाहिलं. दोन वर्षांच्या अबोल्यानंतरचे अकरा महिने त्यानं होय म्हणण्यात घालवले होते. "नाही," तो म्हणाला. "मी नाही येत, दादा. मला नाही जमणार ते." आणि मग, जणू उलट आपणच काही देतो आहोत अशा सुरात, "पोरगी भेटली अन् बापानं काही केस वगैरे म्हटलं तर मला सांग. मी विठोबाला घेऊन येतो."

"बरं," अच्युत म्हणाले.

किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. त्यांनी ती क्षमाला दिली. पंधरा वर्षांत तिनं ही गाडी मोजून अकरा वेळा चालवली होती आणि दर वेळी बाजूला बसून त्यांनी गिअरचा आवाज ऐकून डोळे मिटले होते. आता ते डावीकडे बसले. विनीता मागे बसली, मैत्रेयी तिच्याजवळ. अनिमेष फाटक उघडून उभा राहिला आणि शेवटच्या क्षणी, गाडी बाहेर आल्यावर, तोही मागे चढला. आईला सरकावं लागलं.

अधारतालची दुकानं अर्धी बंद होती. गिअर दोनदा घासला, अच्युतांनी डोळे मिटले नाहीत. वस्ती विरळ झाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं आली तशी क्षमानं गाडी हळू केली. सणाचे कपडे घातलेल्या मुली सायकलवरून जात होत्या, एकेकट्या, दोघी-दोघी, एकीच्या मागे एक बसलेली.

अच्युत खिडकीकडे वळले. डोळे पुरत नव्हते, म्हणून त्यांना सगळी मान फिरवावी लागत होती, खांद्यासकट.

"ही?" त्यांनी विचारलं.

"नाही," विनीता मागून म्हणाली.

पुढे एक लाल ओढणी दिसली. ती मागे पडेपर्यंत ते तिच्याकडे पाहत राहिले.

"ही?"

"नाही. ती बारीक होती."

"अजून हळू घे," ते क्षमाला म्हणाले. क्षमानं दुसरा गिअर टाकला.

"ही?"